मधली माती

मे महिन्यात आमच्या गावाकडच्या रानात मीठ फुटतं. ऊस तुटून कारखान्याला गेलेला असतो, जमीन उघडी पडलेली असते, आणि उन्हाचा चटका वाढला की काळ्या मातीवर आधी कडेकडेनं आणि मग मधोमध पांढरे डाग उमटायला लागतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी रांगोळीचं फाटकं पोतं घेऊन रानातून हिंडलंय. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी सोडत राहिलं की ते खाली मुरतं, तिथले क्षार विरघळवतं आणि उन्हाळ्यात वर घेऊन येतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं. शिरोळकडच्या नदीकाठच्या गावांना यात नवीन काही नाही.

मी राहते कोल्हापुरात, राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. इथला मे महिना वेगळा. क्लासवाल्यांचे फलक बदलतात, बोळाच्या तोंडाशी आंब्याच्या पेट्या लागतात, आणि ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असल्यामुळं माझ्या वाट्याला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. पण शेजारच्या गॅलरीत मिठात घोळलेल्या मिरच्या वाळून पांढऱ्या पडलेल्या दिसल्या, की मला आमची तळपट्टी आठवते. तळपट्टी म्हणजे आमच्या रानाचा सगळ्यात खालचा, ओढ्याकडेचा तुकडा. त्याच्यापायी एक अख्खा उन्हाळा आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

यंदा आठवायला आणखी एक कारण झालं. सुट्टीतल्या मुलांच्या शिबिरात मला व्याख्यान द्यायचं होतं. विषय मीच निवडला: चंद्र कशाचा बनलाय, हे आपल्याला कळतं कसं? स्टाफरूममध्ये मी टिपणं काढत बसले होते, तेव्हा समोर मुजावर मॅडम चहाचा कप घेऊन येऊन बसल्या. त्या रसायनशास्त्र शिकवतात आणि हा वाद आमच्यात दरवर्षी होतो. पाहुण्यांना फराळ द्यावा तसा आम्ही तो काढून बसतो.

"तुमची दुर्बीण काय सांगणार हो?" त्या म्हणाल्या. "हातात आल्याशिवाय, परीक्षानळीत घातल्याशिवाय मी काहीही मानत नाही. माणसं पाठवा, दगड आणा, फोडा, विरघळवा. मग बोलू."

"आणि एवढा खटाटोप करून माणसं पाठवायची, तर श्वासाची हवासुद्धा घरून न्यायची," मी म्हणाले. "उजेड फुकट येतोय की इथपर्यंत. तो वाचा."

उजेडाची बाजू माझी, कारण पोटापाण्याचा धंदाच तो. चांदणं म्हणजे चंद्रानं परत पाठवलेलं ऊन. पण सगळं ऊन तो परत करत नाही. तिथल्या प्रत्येक खनिजाला ठराविक रंग गिळायची खोड असते. परत आलेल्या उजेडाची फोड करून बघितली, की कुठले रंग कमी आलेत ते दिसतं, आणि गिळणारा कोण ते ओळखता येतं. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे थिजलेला लाव्हा, आपल्या पन्हाळ्याच्या काळ्या दगडाच्याच जातीचा. हे इथं बसून कळतं. मला त्याचं अजूनही नवल वाटतं, आणि शिकवताना ते मी लपवत नाही.

पण उजेड फक्त कातडी दाखवतो. कागदाच्या जाडीएवढा वरचा थर, त्याखालचं मुकं. शिवाय अवकाशातल्या दुर्बिणींचीही आपापली अडचण असते. सगळ्यात मोठी जी आहे, ती सूर्याकडं कायम पाठ करून असते, आणि तिच्या जागेवरून पृथ्वी न् चंद्र दोघंही सूर्याच्याच बाजूला पडतात. विश्वाच्या टोकाच्या दीर्घिका तिला दिसतात, आणि आपला चंद्र मात्र तिला मान वळवून कधीच बघता येत नाही. हे सांगितल्यावर मुजावर मॅडम इतक्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतःच्या पुढ्यातली बिस्किटं माझ्याकडं सरकवली.

तो उन्हाळा काही वर्षांपूर्वीचा. तळपट्टीतला ऊस सलग दोन हंगाम बसला होता. मधे मधे टक्कल पडलेलं, उगवलेला ऊस पिवळा, कमरेएवढाही नाही. माझा धाकटा भाऊ सुकुमार रान बघतो. त्याचं म्हणणं, एक हंगाम जमीन मोकळी ठेवायची, शेजाऱ्यांना सोबत घेऊन जमिनीखालून भोकाचे पाइप घालायचे आणि साठलेलं खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. आप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं म्हणणं, रानाला काहीही झालेलं नाही. बेणं वाईट होतं. नव्या बेण्यानं पुन्हा लागण करायची.

दोघंही आपापल्या जागी घट्ट. सुकुमार जेवायला उशिरा यायला लागला. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण होतं, त्यामुळं उशिरा येणारा उपाशीच राहतो. वहिनीनं, सुकुमारच्या बायकोनं, मला फोन केला, "अक्का, तुम्ही या. दोघं बी ऐकंनात."

घरात मला सगळे अक्काच म्हणतात, आप्पासुद्धा. लहानपणी नाव होतं, ते शाळेच्या दाखल्यावर राहिलं.

मी गेले तेव्हा आप्पा सोप्यात बसले होते आणि त्यांच्या बाजूनं दोन साक्षीदार तयार होते. पहिला साक्षीदार वरून आलेला. उपग्रहानं पावसाळ्यात टिपलेला गावच्या शेतांचा नकाशा कारखान्याचा माणूस मोबाइलवर दाखवून गेला होता. चांगलं पीक हिरवं, वाईट पीक लाल. आमची तळपट्टी हिरवीगार होती.

"बघ की," आप्पा म्हणाले. "वरनं बघून सांगितलंय. त्येला काय आमचं भांडण ठाऊक हाय?"

"आप्पा, ते लव्हाळं हाय," सुकुमार दारातूनच म्हणाला. "तवा उसाच्या जागी लव्हाळं माजलं हुतं. त्येला वरनं हिरवं ते हिरवंच दिसायचं."

दुसरा साक्षीदार खालचा. आप्पांनी स्वतः तळपट्टीतली माती नेऊन तपासून आणली होती. तपासणी उत्तम. खत किती घाला हे सांगितलेलं, बाकी तक्रार नाही. पांढरी जमीन मी येताना डोळ्यांनी बघितली होती, आणि मातीची तपासणी म्हणत होती की सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आप्पा तळपट्टीत गेलो. मिठानं फुगलेली माती पायाखाली भुसभुशीत लागत होती आणि आप्पांच्या चपलेचे ठसे तिच्यात अख्खेच्या अख्खे उमटत होते. मला चंद्रावरच्या त्या बुटाच्या ठशाचा फोटो आठवला आणि हसू आलं. वर बघितलं तर खरोखरच चंद्र होता, सकाळचा, फिकट, शेजाऱ्याच्या उसाच्या वर. बांधाच्या कोपऱ्यात शेवग्याचं झाड होतं. त्याच्याखाली पूर्वी आमची गुरं बांधलेली असायची, शेणाचा उकिरडाही तिथंच. तेवढ्या जागेतली माती काळी आणि मऊ होती.

"आप्पा, माती कुठनं घेतलीसा?"

"कुठनं म्हंजे? ह्याच रानातनं."

"रानातनं कुठनं?"

त्यांनी हनुवटीनं शेवग्याकडं दाखवलं.

माती कशी घ्यायची याचे नियम भिंतीभिंतीवर रंगवलेले असतात. नागमोडी चालायचं. जागोजागी खड्डा करून थोडी थोडी घ्यायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्यालगतची घ्यायची नाही. सगळी एकत्र करायची, तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. आप्पांना हे सगळं माहीत होतं. गावात दुसऱ्यांना तेच सांगायचे.

"शेवग्याखालनं का?" मी विचारलं.

"मग काय पावण्यापुढं पांढरी माती न्हेऊन ठिवायची?" ते चिडून म्हणाले. "कोण लोक, कुठलं लोक. आपल्या रानाची आब हाय का न्हाय?"

मी हसले. त्यांना हसू आलं नाही. ते बांधावर बसले. मग म्हणाले, "मधली माती न्हेली आनि त्यांनी सांगितलं, रान मेलं म्हणून, तर? मी बोललो तर ते बोलणं. कागदावर आलं की मेलंच की."

मला तेव्हा कळलं की भांडण बेण्याचं नव्हतं आणि पाइपाचंही नव्हतं. ही पट्टी त्यांनी तरुणपणी स्वतः सपाट केलेली, दगड वेचून, बैल लावून. ती जिवंत आहे की नाही हा एकच प्रश्न त्यांच्यापुढं होता, आणि उत्तर त्यांना नको होतं. मला फार वाईट वाटलं.

माणसं चंद्रावर उतरली तेव्हा त्यांनीही सोयीच्या जागा धरल्या होत्या, हे मी मुलांना नेहमी सांगते. आबरूचा प्रश्न नव्हता तिथं, जिवाचा होता. आपल्याकडं तोंड असलेली बाजू, विषुववृत्ताच्या आसपासचा पट्टा, शक्यतो सपाट जमीन. परत यायचं असेल तर असंच करावं लागतं. ध्रुवांजवळचे खोल खड्डे, जिथं कधीच ऊन पोचत नाही, तिकडं कुणी फिरकलं नाही. आणलेले दगड कोरडे ठणठणीत निघाले. कुठं ओलाव्याचा अंश सापडलाच, तर तो इथल्या हवेतला चिकटला असणार म्हणून सोडून दिला. हातात धरलेल्या दगडानं सांगितलं, चंद्र कोरडा आहे, आणि शहाण्या माणसांनी ते कित्येक वर्षं मानलं.

मग लांबून बघणाऱ्यांनी कुरबुर सुरू केली. आपल्या देशाच्या यानावरच्या एका उपकरणाला चंद्राच्या कातडीवर पाण्याची खूण दिसली. पुढं विमानात बसवलेल्या दुर्बिणीनं, आपल्या हवेतल्या वाफेच्या वर जाऊन बघितलं, तर उन्हातल्या जमिनीतही पाण्याचे कण. आणि आपल्या यानाच्याच सुमारास कुणीतरी कपाटातली तीच जुनी माती नव्या यंत्राखाली धरली, तर तिच्यातल्या काचेच्या बारीक मण्यांत पाणी निघालं. माती तीच होती, घरात होती, म्हणून तिला पुन्हा विचारता आलं. इथं मुजावर मॅडम टेबलावर हात मारतात, "हेच म्हणते मी! आणलेली वस्तू थांबते तुमच्यासाठी." आणि मी म्हणते, "पण पुन्हा विचारायची गरज आहे, हे कोण सांगत होतं?" एवढ्यात तास होतो आणि आम्ही दोघी उठतो.

त्या सकाळी आप्पा बांधावरून उठले. खोरं घेऊन तळपट्टीच्या बरोबर मध्यावर गेले, जिथं सगळ्यात पांढरं होतं. वरचा पापुद्रा बाजूला सारला आणि खड्डा काढला. हातभर खाली जाताच तळाशी पाणी झिरपायला लागलं. त्यांनी माती पिशवीत घातली, पुढं चालून दुसरा खड्डा काढला, मग तिसरा, नागमोडी, अगदी नियमानं. शेवटी पिशवीचं तोंड बांधून माझ्या हातात दिली. "तूच न्हे," म्हणाले. "मला बघवायचं न्हाय."

एस.टी.त ती पिशवी मी मांडीवर धरून बसले होते. घरी आल्यावर गॅलरीत सावलीला वर्तमानपत्र पसरून माती वाळत घातली. शेजारणीनं विचारलं, कुंड्या करताय का? मी हो म्हणाले, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता. वाळल्यावर मुजावर मॅडमनी ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेतली. पाण्यात कालवली, गाळली, यंत्र बुडवलं, आणखी काय काय केलं. मी स्टूल घेऊन बाजूला बसून राहिले, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी.

"क्षार भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "पण पाण्यात विरघळणारे आहेत. वाट मिळाली तर धुऊन जातील. वेळ लागेल. वडिलांना सांगा, मेलेलं नाही."

मी तिथूनच फोन लावला.

"आप्पा, रान मेलेलं न्हाय."

"कोण म्हणतंय?"

"मुजावर मॅडम. आमच्या कॉलेजातल्या."

"त्या बघाय आल्त्या?"

"न्हाय. माती बघितली त्यांनी."

मग आवाज आला, "मधली?"

"मधली."

"मग बरं," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी सुकुमार वेळेवर जेवायला आला, असं वहिनीनं नंतर सांगितलं.

पुढचा हंगाम पट्टी मोकळी राहिली. शेजाऱ्यांची मनं वळवायला सुकुमारला बरीच पायपीट करावी लागली, पण पाइप पडले. त्यांचं तोंड ओढ्याच्या काठाला काढलं. त्यातून पाण्याची करंगळीएवढी धार पडायला लागली, आणि आप्पांना नवा उद्योग मिळाला. रोज सकाळी ओढ्यावर जायचं, धारेखाली हात धरायचा, जिभेला लावायचं आणि थुंकायचं. जन्मात न गाळलेलं पाणी तोंडाला न लावलेला माणूस. इथंही त्यांनी नेम मोडला नाही. खांद्यावरचा पंचा दुमडून ओंजळीवर धरायचा, त्यातून पाणी गाळायचं आणि मग चव. रविवारी मला फोन. "लई खारट हाय." काही महिन्यांनी, "हाय, पण कमी हाय." पाणी खारट याचा अर्थ मीठ रानातून बाहेर पडतंय. त्यामुळं खारट असलं तरी ते खुशीत असायचे. पुढं खतासाठी ताग पेरून गाडला, मग कडेकडेनं ऊस लावला. तो आला. मधल्या जागेचं मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं, धारेची चव गेल्याशिवाय तिथं कांडं टाकायचं नाही. सुकुमारनं ते मान्य केलं होतं.

परवाच्या रविवारी फोन आला. आवाज चढलेला.

"अक्का, आज चव लागली न्हाय. कालबी न्हवती. पाणी गोडं झालं बघ. यंदा मधी बी लावून टाकतो."

मला इतका आनंद झाला, की मी हातातली उत्तरपत्रिका खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. सोमवारी मुजावर मॅडमना सांगितलं. त्यांनाही बरं वाटलं. मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तुम्ही चव बघितलीत?"

"मी इथं, ओढा तिथं."

"मग जाऊन या," त्या म्हणाल्या. "दुर्बीण पुरे झाली."

मी गेले. मला बघून आप्पा अंगणातूनच म्हणाले, "आलीस? चल, आधी पाणी बघ." पण जेवणवेळ झाली होती, म्हणून आधी पानावर बसलो. आप्पांनी आमटीत मीठ मागून घेतलं. दोन घास खाऊन पुन्हा मागितलं. मी माझी आमटी चाखली. ती ठीक होती, उलट किंचित जास्तच. मी वहिनीकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, "हल्ली असंच हाय. सगळं अळणी लागतंय त्यास्नी."

जेवून ओढ्याकडं निघालो. आप्पा पुढं चालत होते, काठी टेकत, पण झपझप. वाटेत त्यांनी मध्यावरची जागा दाखवली, जिथं त्यांनी खड्डा काढला होता. सरी पाडून तयार होती. बेणंही सांगून ठेवलं होतं, म्हणाले. जमिनीवर पांढरं फारसं दिसत नव्हतं. वरून बघितलं असतं तर कुणालाही ती चांगलीच वाटली असती.

धार पडत होती. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दुमडला आणि माझ्या ओंजळीवर धरला. पाणी कापडातून गळून माझ्या हातात आलं. मी जिभेला लावलं. खारट होतं. पूर्वीइतकं नसेल, पण खारट होतं, शंकाच नको.

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना गोडं म्हणून सांगणं अगदी सोपं होतं. मी एकदम शेवग्याकडं बघितलं आणि मग त्यांच्याकडं.

"आप्पा, हाय अजून," मी म्हणाले. "खारट हाय."

त्यांनी पंचा आपल्या ओंजळीवर धरला, पाणी घेतलं, जिभेवर घोळवलं, थुंकले. पुन्हा घेतलं. तोंडावर काहीच उमटलं नाही.

"मला न्हाय लागत," ते म्हणाले.

"मीठ बी न्हाय लागत तुम्हाला. आमटीत बी."

त्यांनी पंचा पिळून खांद्यावर टाकला आणि काठी उचलली.

"किती हाय? नीट सांग."

"आमटीत हात आखडून मीठ घातलं तर लागंल, तेवढं."

"म्हंजे अजून मधी लावाय नको."

"नको."

"सुकुमारला सांगतो," ते म्हणाले आणि वळले. चार पावलं गेल्यावर थांबले. "आता तूच येत जा महिन्यातनं एकदा, चव बघाय. पंचा मी आणतो."

मी हो म्हणाले. परतताना त्यांनी मला बांधावरून नेलं नाही, मधल्या सरीतून नेलं, आणि मी त्यांच्या पावलांत पाय टाकत मागं चालले.